टायमिंग बेल्ट आणि बाबांची पान्यांची पेटी

सर, नमस्कार.

माझ्याकडे २०१२ची ह्युंदाई आय-टेन आहे, १.१ पेट्रोल. चार वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली. आज मीटरवर ६१,००० किलोमीटर आहेत. टायमिंग बेल्ट कधी बदलला होता की नव्हता, याची आधीच्या मालकाकडे काही नोंद नाही. गणपतीला आईला घेऊन गुहागरजवळच्या गावी जायचंय. तिचे गुडघे दुखतात, स्टेशनचे जिने झेपत नाहीत, म्हणून गाडीच न्यायची आहे. अजून तीन आठवडे आहेत. एका मोठ्या वर्कशॉपने बेल्टचे आठ हजार सांगितले. आमच्या गल्लीतला मेकॅनिक साडेचार हजारांत करतो म्हणतो. मी व्हिडिओ बघितले, काम फार अवघड वाटलं नाही. ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, पुढचे ब्रेक पॅड मी स्वतः बदलले आहेत. माझे बाबा त्यांच्या प्रीमियर पद्मिनीचं सगळं काम स्वतःच करायचे. ते आता नाहीत, पण त्यांची पान्यांची पेटी माझ्याकडे आहे. येत्या शनिवार-रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्येच हे काम उरकावं असं मनात आहे. बायको नको म्हणते. करू का?

– एक वाचक, भांडुप

नमस्कार.

नका करू. या वेळी नका करू. बेल्ट मात्र बदलायलाच हवा, तोही याच आठवड्यात, आणि तो बदलल्याशिवाय आईला मागे बसवून कशेडी घाट चढू नका. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: बेल्ट बदलायचा का, आणि तो कोणी बदलायचा. पहिल्याचं उत्तर सरळ आहे. दुसऱ्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण तुम्ही हे काम पैसे वाचवण्यासाठी करायला निघालेला नाही, हे पत्र वाचताना कळतं.

आधी एक खात्री करून घ्या. आय-टेन दोन वेगवेगळ्या पेट्रोल इंजिनांत विकली गेली. १.१ला टायमिंग बेल्ट आहे, १.२च्या ‘कप्पा’ नावाच्या इंजिनाला चेन. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ नेमका कुठल्या इंजिनाचा होता, कुठल्या देशातल्या गाडीचा होता, हे पुन्हा एकदा तपासा. नाव तेच आणि आतलं यंत्र वेगळं, असं गाड्यांच्या बाबतीत नेहमी होतं. तुमचं आर.सी. बुक काढा. त्यावर १०८६ सीसी लिहिलेलं असेल, तर तुमच्याकडे बेल्टच आहे.

हा बेल्ट काय करतो ते माहीत असेल, तरी एकदा मनात नीट मांडून घ्या. खाली क्रँकशाफ्ट फिरतो, तो पिस्टन वर-खाली नेतो. वर कॅमशाफ्ट फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा, आणि तो नेमक्या जागी व्हायला हवा. या दोघांना बांधून ठेवतो तो दात असलेला रबराचा पट्टा. आत काचेच्या धाग्यांचे दोर, दातांवर कापडाचं अस्तर. रस्त्यावर इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर क्रँक सेकंदाला चाळीस वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला वीस वेळा उघडून मिटतो. पिस्टन वर यायच्या आत व्हॉल्व्हने वाट मोकळी करून द्यायची असते. बेल्ट तुटला की कॅम जिथल्या तिथे थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि गतीत असलेला पिस्टन खालून येऊन त्यांच्यावर आदळतो. सगळ्याच इंजिनांत असं होत नाही, काहींत मध्ये पुरेशी जागा असते. पण तुमच्या इंजिनात ती जागा नाही, असंच धरून चाला. चार सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह. त्यातले दोन-चार वाकले तरी हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावं लागतं, आणि मग साडेचार हजार की आठ हजार हा वाद उरतच नाही.

बेल्ट तुटण्याआधी आवाज देतो, ताकद कमी होते, काही तरी कळतं, असं बरेच जण समजतात. चेन सैल झाली की खडखडते, हे खरं. बेल्ट बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. वरचं कव्हर काढून बघितलं आणि पट्टा काळा, स्वच्छ, भेगा नसलेला दिसला, तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आजकालच्या बेल्टचं रबर दिसायला शेवटपर्यंत चांगलं राहतं, झीज आतल्या दोरांत आणि दातांच्या मुळाशी होते. भेगा दिसल्या, तेलाचा ओलेपणा दिसला, तर बेल्ट वाईट आहे हे नक्की. पण काही दिसलं नाही म्हणून तो चांगला आहे, असं म्हणता येत नाही.

आता ६१,००० किलोमीटर. बेल्टची मुदत गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्हींत दिलेली असते आणि जे आधी पूर्ण होईल ते धरायचं असतं. अशा गाड्यांत तो आकडा साधारण साठ हजार ते एक लाखाच्या दरम्यान असतो. तुमच्या पुस्तिकेतला आकडा बघा, तोच खरा. पण तुमच्या बाबतीत मी किलोमीटर बघणारच नाही. २०१२ची गाडी, नोंद नाही. याचा अर्थ माझ्यासाठी एकच: बेल्ट कंपनीतून आला तोच आहे. एवढ्या वर्षांत मुंबईची उष्णता, दमट हवा, बॉनेटखालची धग हे सगळं त्या रबराने सोसलं आहे.

शिवाय आपल्या शहरात मीटर खरं सांगत नाही. बेल्ट चाकांबरोबर फिरत नाही, इंजिनाबरोबर फिरतो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर तुम्ही सिग्नलला उभे असता तेव्हा किलोमीटर थांबलेले असतात, बेल्ट फिरत असतो. हिशेब करून बघा. सरासरी ताशी २० किलोमीटरने चाललेल्या गाडीचे ६१,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे तीन हजारांहून जास्त तास. तेच अंतर एखाद्याने हायवेवर ताशी ७० च्या सरासरीने कापलं, तर नऊशे तासही होत नाहीत. तुमचा बेल्ट त्याच्या साडेतीन पट वेळ फिरलाय, मीटरवर आकडा मात्र सारखाच. म्हणून मुंबईतल्या गाडीला पुस्तिकेतली वरची मर्यादा मी कधीच लावत नाही.

हे सगळं गुहागरच्या रस्त्याला जोडून बघा. आधी कशेडी घाट, मग भोस्ते, मग परशुराम. गणपतीची गर्दी, पाऊस, पुढे ट्रक, मागे एस.टी. तिथे इंजिन अचानक बंद पडलं तर गाडी नुसती थांबत नाही. ब्रेकला इंजिनाच्या व्हॅक्यूमची जी मदत असते ती दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंत पुरते, मग पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लागतो, पण पायात सगळा जोर आणावा लागतो. हे मी घाबरवायला लिहीत नाही. ज्या रस्त्यावर तुम्ही आईला नेणार आहात, त्या रस्त्यावर या एका पट्ट्यावर किती भार आहे, ते तुमच्या डोळ्यांसमोर असावं म्हणून लिहितोय.

तर बेल्ट बदलायचा. आता बाबांच्या पेटीकडे येऊ.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं होतं, तुमच्या आय-टेनचं १०८६. फक्त तीन सीसीचा फरक, पण दोन्ही यंत्रं अगदी वेगळ्या विचाराची. पद्मिनीत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्येच होता, एका आखूड चेनने क्रँकला जोडलेला. तिथून लांब सळ्या वर जाऊन व्हॉल्व्ह हलवायच्या. टायमिंग बेल्ट नावाची वस्तूच त्या गाडीत नव्हती. तुमचे बाबा रविवारी सकाळी जे करत असतील ते म्हणजे टॅपेट लावणं, पॉइंट घासणं, कार्बोरेटर साफ करणं, प्लगचा गॅप बघणं. या प्रत्येक कामात चूक झाली तर गाडी लगेच सांगायची. टॅपेट टकटक वाजायचे, कार्बोरेटर जास्त पेट्रोल प्यायचा, गाडी सकाळी सुरू व्हायची नाही. मग पुन्हा बॉनेट उघडून पुन्हा लावायचं. चूक होऊनही काही मोडायचं नाही. आणि काम अर्धवट सोडून जेवायला जाता यायचं, पुढच्या रविवारपर्यंत तसंच ठेवताही यायचं. त्या गाड्यांनी आपल्याकडच्या कितीतरी माणसांना हात काळे करायला शिकवलं. माझ्या वडिलांचीही पद्मिनी होती, मी तिच्यावरच शिकलो. त्यामुळे तुमच्या मनातली ओढ मला पूर्ण समजते.

टायमिंग बेल्टचं काम मात्र तसं नाही. इथे चूक तेव्हाच्या तेव्हा दिसत नाही, आणि चावी फिरवल्यावर जेव्हा दिसते तेव्हा उशीर झालेला असू शकतो. चावी फिरवण्याआधी ती चूक पकडायची एक पक्की रीत आहे. नवा बेल्ट बसवला, टेन्शनरने, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीने, त्याला ताण दिला की क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, नेहमीच्याच दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवायचं. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. मग क्रँक आणि कॅमच्या पुल्यांवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांशी पुन्हा जुळतात का ते बघायचं. फिरवताना कुठे अडलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. अडलं म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागले. हाताच्या गतीने ते लागले तर काही बिघडत नाही. स्टार्टरच्या गतीने लागले तर बिघडतं.

ही रीत प्रत्येक व्हिडिओत असते. तरी ती चुकते, कशी ते माझ्यावरूनच सांगतो. २००९च्या जुलैमध्ये मुलुंडला आमच्या इमारतीखाली मी माझ्या तेव्हाच्या गाडीचा बेल्ट बदलला. सकाळी नऊला सुरू केलं. क्रँक पुलीचा बोल्ट निघता निघेना, त्यातच दुपार गेली. चारला पाऊस आला, कडेने पाणी आत यायला लागलं. साडेसहाला शेजारी गाडी घेऊन आले, त्यांना आत यायचं होतं आणि माझा जॅक, माझं चाक त्यांच्या जागेत. मी खुणा जुळवल्या, टेन्शनर घट्ट केला, कव्हर लावलं, चावी फिरवली. गाडी सुरू झाली. मला वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर उड्डाणपूल चढताना तिच्यात जीवच नव्हता. उभी असताना थरथरत होती. इंजिनाचा दिवा लागला. पुढच्या शनिवारी पुन्हा उघडलं, तर बेल्ट एका दाताने सरकलेला.

एक दात म्हणजे किती? क्रँकच्या पुलीला वीस दात असतील, तर एक दात म्हणजे १८ अंश. तो सरकला कारण टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला, जिथे पट्टा ताठ असायला हवा, तिथे मी थोडा ढिला ठेवला होता. टेन्शनरने ओढलं तेव्हा ती ढील इकडे आली आणि कॅमची पुली हलली. डोळ्यांनी बघताना खुणा अगदी समोरासमोर दिसत होत्या. दोन फेरे हाताने फिरवले असते, तर दहा मिनिटांत कळलं असतं. मला ही रीत माहीत होती. फक्त खाली शेजाऱ्यांचा हॉर्न वाजत होता. एकच दात होता म्हणून व्हॉल्व्ह वाचले.

म्हणून कोणी मला विचारलं की हे काम मी करू का, तर मी त्याचा अनुभव नंतर विचारतो. आधी विचारतो: काम मध्येच थांबवावं लागलं तर थांबवता येईल का? गाडी तीन दिवस उघडी, एका जॅक-स्टँडवर, चाक काढलेली अशी ठेवता येईल का? या प्रश्नाला तुमचं उत्तर काय आहे ते तुम्हीच बघा. सोसायटीचं पार्किंग, दोन्ही बाजूंना गाड्या. एकच गाडी. सोमवारी ऑफिस. आणि समोर गणपती. यातलं एकेक जमवून घेता येईल, पण सगळं एकत्र आलं की रविवारी संध्याकाळी तुम्ही तेच कराल जे मी केलं. तुमचा हात कमी पडेल म्हणून मी नाही म्हणत नाहीये. घाई तुम्हाला गाठेल म्हणून नाही म्हणतोय.

अनुभवाचंही थोडं बोलतो. ब्रेक पॅड स्वतः बदललेत, ही लहान गोष्ट नाही, त्यात माणसाचा जीव असतो आणि तुम्ही ते नीट केलंत. पण बेल्टच्या कामात तीन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, जागा. इंजिन आडवं बसलेलं, बेल्टची बाजू गाडीच्या अंगाला चिकटलेली, मध्ये चार बोटांची फट. चाक काढून, आतलं प्लॅस्टिक काढून खालून हात घालावा लागतो, आणि बहुतेक अशा गाड्यांत त्या बाजूचं इंजिन माउंटिंग सोडावं लागतं. त्या वेळी इंजिनाला ऑइल पॅनखाली लाकडी फळी ठेवून जॅकने आधार द्यायचा असतो. फळी विसरलात तर पॅन चेपतो. दोन, क्रँक पुलीचा बोल्ट. तो अनेक छोट्या गाड्यांतही शंभर न्यूटन-मीटरच्या वर आवळलेला असतो, म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला वीस किलो टांगावेत इतका, आणि इतक्या वर्षांच्या गंजाने त्याहून जास्त धरलेला. इंजिन फिरू न देता तो सोडवायचा असतो. पाना जमिनीला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती कोणी सांगेल. कृपा करून करू नका. निसटलेला पाना हात मोडतो. गॅरेजवाल्याकडे एअर गन असते, त्याचं हे पाच सेकंदांचं काम. तीन, ताण. बेल्ट सैल राहिला तर दात सोडतो, जास्त ताणला तर कण्हत फिरतो आणि बेअरिंग खातो. बोल्ट किती आवळायचा याचा अंदाज हाताला येत नाही, टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणारा पानाच लागतो, आणि तो बाबांच्या पेटीत बहुधा नसेल. नागदेवी स्ट्रीटला मिळेल, पण एकाच कामासाठी घ्यायचा असेल तर तुमची बचत तिथेच संपते.

मग घरी करावं तरी कोणी? ज्याच्याकडे बंद गॅरेज किंवा गावचं अंगण आहे, दुसरी गाडी आहे, त्या इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल हातात आहे, आणि काम चार दिवस लांबलं तरी ज्याचं काही अडत नाही, त्याने पेट्रोलच्या साध्या, एका कॅमशाफ्टच्या इंजिनावर जरूर करावं. तुमचं १.१ इंजिन त्याच जातीचं आहे, शिकण्याला चांगलं. डिझेलच्या वाटेला मात्र पहिल्यांदा जाऊ नये. काही डिझेल इंजिनांत इंधनाचा पंपही त्याच बेल्टवर असतो आणि क्रँक-कॅम जागेवर पकडून ठेवायला खास पिना लागतात. म्हणजे तुम्हाला मी कायमचं नाही म्हणत नाहीये. पुढच्या वेळी हा बेल्ट बदलायची वेळ येईल तेव्हा तुमच्याकडे जागा आणि सवड असेल, तर करा.

आता या आठवड्याचं. आठ हजार की साडेचार, हे आकड्यांवरून ठरवू नका. दोघांनाही सारखेच प्रश्न विचारा. फक्त बेल्ट बदलणार की टेन्शनरचं बेअरिंगही? नुसता बेल्ट बदलून जुनं बेअरिंग ठेवणं मला अजिबात पटत नाही. ते जाम झालं तर नवा बेल्टही जातो, आणि मजुरी तर तेवढीच द्यावी लागते. कॅम आणि क्रँकचे ऑइल सील बघणार का, गळत असतील तर आत्ताच बदलणार का? तेल लागलेला बेल्ट टिकत नाही. वॉटर पंप कुठल्या पट्ट्यावर फिरतो? बऱ्याच गाड्यांत तो टायमिंग बेल्टवर असतो आणि तसा असेल तर तोही याच वेळी बदलतात. मेकॅनिकला तो दाखवायला सांगा. कूलंट काढावं लागलं तर ते गटारात किंवा पार्किंगमध्ये सांडू देऊ नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं, खालची कुत्री-मांजरं ते चाटतात.

गल्लीतला मेकॅनिक या प्रश्नांना नीट उत्तरं देत असेल, पुस्तिकेतला टॉर्कचा आकडा बघायला तयार असेल, तर माझा कल त्याच्याकडे आहे. कारण तो तुम्हाला शेजारी उभं राहू देईल. मोठ्या वर्कशॉपमध्ये तुम्ही काचेच्या पलीकडे बसता. सुटे भाग मात्र तुम्ही स्वतः आणा. कंपनीच्या अधिकृत पार्ट्सच्या दुकानातून घ्या, किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजारात जुन्या, पक्क्या बिलाच्या दुकानातून नावाजलेल्या कंपनीचा बेल्ट आणि टेन्शनर घ्या. आर.सी. आणि चासिस नंबर दाखवून घ्या, नुसतं आय-टेन म्हणू नका. पार्ट नंबर जुळवा. बिलाशिवाय मिळणारा स्वस्त बेल्ट घेऊ नका, नकली माल या वस्तूत खूप फिरतो. आणि कुर्ल्याला जुन्या गाड्यांचे भाग मिळतात, तिथून आरसा घ्या, दरवाजा घ्या, पण बेल्ट आणि बेअरिंग कधीही जुनं घेऊ नका. आणलेला बेल्ट घडी घालून, मुडपून ठेवू नका. आतले दोर तिथे तुटतात.

काम मधल्या वारी, सकाळी सुरू होईल असं ठरवा. त्या दिवशी एक सुट्टी टाका. तुम्ही ऑइल आणि पॅडसाठी रविवार दिलेत, याला एक मंगळवार द्या. गाडी रात्रभर उभी राहून गार झालेली असू द्या. जुना बेल्ट काढण्याआधी मेकॅनिकला खुणांवर आणायला सांगा आणि तुमच्या मोबाईलमध्ये तिन्ही बाजूंनी फोटो काढा. जुन्या बेल्टवर पांढऱ्या रंगाने खुणा करून त्या नव्यावर उतरवायची पद्धतही आहे, चांगली आहे, पण तिच्यावर एकटी भिस्त नको. जुनाच एका दाताने चुकलेला असेल तर चूकही नव्यावर उतरते. इंजिनावरच्या खुणा, त्याच खऱ्या. जुना बेल्ट मागून घ्या, घरी नेऊन उलटा वाकवून दातांच्या मुळाशी बघा. या एका पट्ट्यातून खूप शिकायला मिळेल.

मग गाडी दोन आठवडे शहरात चालवा. ऑफिसला न्या, एकदा ठाण्याच्या पुढे घोडबंदरला फिरवून आणा. तेल कुठे दिसतंय का, सकाळी नवा आवाज येतोय का, कूलंटची पातळी खाली जातेय का, ते रोज बघा. काही निघालं तर मेकॅनिक दोन गल्ल्यांवर आहे. कशेडीत नाही. गणपतीला तीन आठवडे आहेत, ते यासाठी पुरतात, आणि तुम्ही स्वतः करायला घेतलं असतं तर हेच दिवस खर्ची पडले असते. काही कारणाने काम झालंच नाही, तर गाडी घरी ठेवा. आईसाठी चिपळूणपर्यंत रेल्वे आणि दोन्ही टोकांना व्हीलचेअरची सोय आधी विचारून ठेवा. ते त्रासाचं आहे, पण या बेल्टवर जाण्यापेक्षा बरं.

बायकोलाही सांगा, तिचं म्हणणं बरोबर होतं.

आणि बाबांची पेटी घेऊन जा. हे मी मनापासून सांगतोय. मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा की बेल्ट बसल्यावर, टेन्शनर घट्ट झाल्यावर, कव्हर लावायच्या आधी मला दोन मिनिटं द्या. चांगला मेकॅनिक देतो. प्लग काढलेले असू द्या, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. पेटीतला क्रँकच्या बोल्टला बसेल असा पाना काढा, मापाचा नसेल तर मेकॅनिकची गोटी (सॉकेट) आणि बाबांचा दांडा घ्या, आणि तुमच्या हाताने दोन फेरे द्या. सावकाश. खालची खूण आली की वर बघा, वरचीही आली का. जुळली तर फोटो काढा. मग एका पांढऱ्या स्टिकरवर पेनाने तारीख आणि मीटरचा आकडा लिहा आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुमच्या गाडीला इतक्या वर्षांत ती नोंद कोणी ठेवली नव्हती.